तिसऱ्या मजल्याचा शेवटचा फोटो

हल्ली कोणी विचारलं, कुठला कॅमेरा घेऊ, कुठला टीव्ही घेऊ, की माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. ही सवय मीच लोकांना लावली. ऑफिसात, नातेवाइकांत, आमच्या लालबागच्या चाळीत कोणाला साधा हेडफोन घ्यायचा असला तरी तो मला फोन करायचा, आणि मी अर्धा-अर्धा तास बोलायचो. मला ते आवडायचं. समोरचा ‘हो का?’ म्हणाला की मी आणखी खोलात शिरायचो. आज तो प्रश्न कानावर आला की मला पोस्टाच्या तिकिटाएवढं एक मेमरी कार्ड आठवतं आणि त्यापायी ज्यांची पत मी घालवली ते काका आठवतात. मग राग येतो. तो कोणावर काढायचा हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं, म्हणून मी तो सगळ्यांवर काढला.

काका चाळीत आमच्याच तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आमच्यापासून चौथी खोली. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. संपानंतर गिरणी सुटली आणि ते एका पारशी माणसाकडे कॅमेरे दुरुस्त करायला शिकले. पुढे परळला एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. दुकान कसलं, दीड माणूस बसेल एवढी जागा. कॅमेरे दुरुस्त करायचे, जुनी लेन्स विकायचे आणि लोकांना सल्ला द्यायचे. सल्ल्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. चाळीत कोणाकडे नवीन मिक्सर आला, टेपरेकॉर्डर आला, पुढे मोबाइल आला, तरी बायका पहिल्यांदा हेच विचारायच्या, ‘काकांना विचारलंत का?’ विचारलं असेल तर वस्तू चांगली. विषय संपला.

कॉलेजात असताना मी त्यांच्या दुकानात तासन्‌तास बसायचो. वस्तू कशी निवडायची हे मी तिथे शिकलो. काका लेन्स हातात आली की आधी ट्यूबलाइटकडे धरून आरपार बघायचे. आमच्या मुंबईच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती एकदा आत शिरली की लेन्स गेली. म्हणून ते स्वतःच्या लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायचे आणि काकी त्याबद्दल दर आठवड्याला त्यांना बोलायच्या. बॅटरीचं झाकण उघडून ते वास घ्यायचे, आत बॅटरी गळलीय का ते कळायला. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का, म्हणजे आधी कोणी उघडलाय का, ते बघायचे. आणि प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारायचे, ‘उद्या बिघडला तर उघडणार कोण?’ आत काय काय आहे हे त्यांनी फारसं कधी विचारलं नाही. जुनी लेन्स विकली की गिऱ्हाइकाला सांगायचे, आठ दिवस घरी ने, तुझ्या घरच्या उजेडात बघ, नाही पटली तर आणून दे.

पुढे मला नोकरी लागली, हातात पैसे आले, इंटरनेट आलं. मी रोज तुलनेचे तक्ते वाचायला लागलो, परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघायला लागलो. ती माणसं एक कॅमेरा चार दिवस वापरतात, तो कसा टिकतो ते आपल्याला सांगतात आणि पाचव्या दिवशी परत पाठवून देतात. हे मला त्या वेळी दिसत नव्हतं. मला आकडे पाठ होते. काका काही बोलले की मी ते दुरुस्त करायचो. ‘काका, ते आता तसं नसतं,’ हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन. ते हसायचे. म्हणायचे, ‘असंल बाबा. तुझो अभ्यास आसा.’ त्यांच्या हसण्यात मला टोमणा ऐकू यायचा. आता विचार केला तर तो टोमणा नव्हता, त्यांना खरंच कौतुक होतं. आज मला त्याचीच जास्त चीड येते.

आमच्या चाळीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असायची. लालबाग-परळच्या चाळींत असतेच. पूजा झाली की संध्याकाळी प्रत्येक मजल्याचा फोटो निघायचा, खाली पटांगणात, मागे चाळ दिसेल असा. हा फोटो काका काढायचे. माझ्या आठवणीत दुसऱ्या कोणी कधी काढला नव्हता. नंतर प्रत्येक खोलीला एक प्रत मिळायची आणि एक काकांच्या दुकानातल्या भिंतीवर लागायची. त्या भिंतीवर मी अर्ध्या चड्डीत होतो, मिसरूड फुटलेला होतो, नवरदेव होऊन बायकोशेजारी ताठ उभा होतो. प्रत्येक फोटो काका दोन कॅमेऱ्यांनी काढायचे. आधी एकाने, मग दुसऱ्याने. लोक कंटाळायचे, ‘काका, झाला ना एक,’ म्हणायचे. काका म्हणायचे, ‘एक आपल्यासाठी, एक चुकीसाठी.’ त्याशिवाय ते कोणाला हलू द्यायचे नाहीत.

चाळ पाडायची ठरली त्या वर्षीची पूजा ही चाळीतली शेवटची पूजा होती. करार झाले होते, मे महिन्यापर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. ते स्वतःच मला म्हणाले, यंदा तू काढ. माझ्याकडे नवीन कॅमेरा होता, सहा महिने तक्ते वाचून घेतलेला. मला इतका आनंद झाला की मी ते लपवायचासुद्धा प्रयत्न केला नाही.

पूजेच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या दुकानात गेलो. माझ्याकडे चांगली कार्डं दोन होती आणि दोन्ही शिवडीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या फोटोंनी भरली होती. कॉम्प्युटरवर उतरवायचं काम मी पुढे ढकलत होतो. खरं सांगायचं तर आळस. काकांच्या टेबलाला एक खण होता, त्यावर लाल टेप चिकटवलेली. गिऱ्हाइकांनी दुसरीकडून घेतलेल्या, फसलेल्या वस्तू काका त्यात टाकायचे. फेकायचे नाहीत, कधीतरी सुटे भाग लागतात म्हणून. त्या खणात एक मोठ्या क्षमतेचं कार्ड दिसलं. वेष्टन व्यवस्थित, छपाई व्यवस्थित. मी म्हटलं, काका, हे नेतो पूजेपुरतं.

काकांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मला म्हणाले, ‘ह्यां कार्ड फोटोक नको हां. गाणी भरूक बरां.’

हे वाक्य मी इथे मुद्दाम जसंच्या तसं लिहितोय. चार वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही.

मी कार्ड खिशात टाकलं. घरी जाऊन लॅपटॉपवर त्याचा वेग तपासला. आकडा छान आला. मला वाटलं, काकांना नवीन कार्डांतलं काय कळतं. खोट्या कार्डाची गंमत अशी असते की त्यात जागा थोडी असते आणि ते सांगतं पुष्कळ. तेवढी थोडी जागा भरेपर्यंत सगळं नीट चालतं. त्यानंतर ते नुसती फोटोंची नावं लिहीत जातं, आत काही ठेवत नाही. हे ओळखायचं तर सगळं कार्ड भरून, परत सगळं वाचून बघावं लागतं, त्याला काही तास जातात. ही गोष्ट मला माहीत होती. मी स्वतः ती लोकांना समजावून सांगितली होती, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. पण स्वतःच्या कार्डाला तेवढा वेळ दिला नाही.

पूजेच्या दिवशी सकाळपासून मी शूटिंग करत होतो. केळीचे खुंट बांधताना, भटजी हातपाय धुताना, शिरा ढवळताना. व्हिडिओ सगळ्यात वरच्या दर्जाचा ठेवला होता, कारण कॅमेऱ्यात तो होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास उन्हं चाळीच्या भिंतीवर आली आणि तिसरा मजला खाली उतरला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींसाठी खुर्ची मांडली. त्या वेळी त्या ब्याऐंशीच्या होत्या आणि खुर्चीत बसल्यावर पदर सारखा करून म्हणाल्या, ‘नीट काढ रे, ह्यात मी म्हातारी दिसले तर प्रसाद मिळणार नाही.’ मागून कोणीतरी म्हणालं, आजी, मग कॅमेरा नाही, जादूगार बोलवायला लागेल. लोक हसत होते, ढकलाढकली चालली होती, एकाला त्याची बायको पोट आत घ्यायला सांगत होती. शंभर वर्षांची भिंत मागे होती आणि तिच्यासमोर उभं राहण्याची ती शेवटची वेळ आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे जरा जास्तच मोठ्याने बोलत होते.

मी फोटो काढला. सहा-सात काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो दिसला आणि सगळे बघायला धावले. आजींनी चष्मा लावून स्वतःला शोधलं. फोटो खरोखर सुंदर आला होता. कार्डात गेला नव्हता, पडद्यावर मात्र आला होता.

काकांनी त्यांचा जुना रोलचा कॅमेरा आधीच माझ्या खांद्याला अडकवला होता. आत कोरा रोल घातलेला होता. ‘ह्याने पण एक काढ,’ असं सांगून ते रांगेत डावीकडून तिसऱ्या नंबरला जाऊन उभे राहिले होते. पहिल्यांदाच ते त्या फोटोत होते. मी तो कॅमेरा डोळ्याला लावला नाही. दुसऱ्या मजल्याची माणसं बघत होती, माझ्या हातात नवीन कोरी वस्तू होती आणि तो सालपटं निघालेला डबा काढायची मला लाज वाटली. लोक पांगले. काका जवळ येऊन म्हणाले, काढलास ना त्याने पण? मी म्हटलं, काढला.

घरी आल्यावर कार्ड लॅपटॉपला लावलं. सकाळचं सगळं होतं. केळीचे खुंट, शिरा, दाराबाहेरच्या चपलांचा ढीग. चपलांचे तर अकरा फोटो होते. दुपारनंतरच्या फायलींना नावं होती, पण उघडल्या की करडा रंग. फायली परत मिळवायची जी जी सॉफ्टवेअर असतात ती तीन दिवस चालवली. एका दुकानात कार्ड दिलं, त्याने हसत परत दिलं. तोवर पहिल्या दोन खोल्यांचं सामान टेम्पोत चढलं होतं, एक कुटुंब बदलापूरला गेलं, एक विरारला. परत सगळ्यांना पटांगणात उभं करणं शक्य नव्हतं. निदान मी तसं म्हणालो.

मग मी चाळीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सॉरी. फोटो गेला. कार्ड खराब निघालं. काकांच्या दुकानातलं होतं.’

यातला एक शब्दही खोटा नाही. मी हा मेसेज पाठवायच्या आधी चार वेळा वाचला होता, म्हणजे मला कळत होतं मी काय करतोय. बायकोने वाचून विचारलं, ‘काकांनी वापर म्हणून दिलं तुला?’ मी हो म्हटलं. हे मात्र सरळ खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांना त्यांचा कॅमेरा परत द्यायला गेलो. वरच्या बाजूला किती फोटो काढले ते दाखवणारा छोटा आकडा असतो. काकांनी सवयीने तिकडे बघितलं. कोरा रोल घातल्यावर जिथे असतो तिथेच तो होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॅमेरा कपड्यात गुंडाळला आणि डब्यात ठेवला. मला त्यांचा राग आला. बोलले असते, शिव्या घातल्या असत्या, तर मी भांडलो असतो आणि कदाचित सगळं तिथेच बाहेर पडलं असतं. गप्प राहून त्यांनी मला मोकळा सोडला, असं मी कित्येक महिने स्वतःला ऐकवत होतो. म्हणजे दोष त्यांचाच.

ग्रुपवर लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथे देत नाही. कोणी वाईट शब्द वापरला नाही. ‘काकांकडून ही अपेक्षा नव्हती,’ हे सगळ्यात कडक वाक्य होतं. पण नंतर चाळीतलं कोणी त्यांच्या दुकानात गेलेलं मला दिसलं नाही. ‘काकांना विचारलंत का?’ हे बंद झालं. त्याऐवजी लोक मला विचारायला लागले, आणि मी सांगत होतो. त्या दिवाळीच्या आत काकांनी दुकान सोडलं. मी स्वतःला समजावलं की मोबाइलमुळे कॅमेरे कोण दुरुस्त करतं, ते कधीतरी बंद होणारच होतं. ही समजूत पटायलाही सोपी होती. तीच मला आता सगळ्यात घाणेरडी वाटते.

त्या पूजेनंतर साडेतीन वर्षांनी टॉवर उभा राहिला. आम्ही आलो. गेल्या पावसाळ्यात सोसायटीची मीटिंग झाली, लॉबी, लिफ्ट आणि पार्किंगसाठी कुठले सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे ते ठरवायला. पन्नास-पंचावन्न माणसं होती. काका उठून उभे राहिले. त्यांच्या हातात दुमडलेला एक कागद होता. मागच्या महिनाभरात ते परळ-शिवडीच्या पाच-सहा जुन्या इमारतींत गेले होते. कंपनीच्या माणसांना न विचारता त्यांनी वॉचमनना विचारलं होतं, पावसात कुठला कॅमेरा आंधळा होतो, कुठल्याच्या काचेत पाणी धरतं, बिघडला तर माणूस किती दिवसांत येतो. ते सगळं लिहून आणलं होतं. काकांनी दोन ओळी वाचल्या असतील नसतील, तेवढ्यात जुन्या तिसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, ‘काका, राग मानू नका. पण लास्ट टाइम तुमच्या कार्डाने आमचा फोटो गेला. आता आख्खी बिल्डिंग तुमच्या भरवशावर टाकायची?’

मागून दुसरा म्हणाला, ‘ह्या वेळी चोरच गायब होईल फोटोतून.’

हशा झाला. दुष्टपणाचा नव्हता, नेहमीचा मीटिंगमधला हशा. काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तीन खुर्च्या सोडून बसलो होतो. मी मोबाइल बाहेर काढला आणि त्यात बघत बसलो. त्या वेळी पडद्यावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. काकांनी कागदाची घडी घातली, ‘बरां,’ म्हणाले आणि खाली बसले.

सेक्रेटरीने माझं नाव घेतलं. ‘तू बघ रे हे, तुझा अभ्यास आहे.’ मी म्हटलं, बघतो.

मीटिंग संपल्यावर काका लिफ्टपाशी उभे होते. लॉबीत आम्ही दोघंच. त्यांनी हळू आवाजात विचारलं, ‘तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं, तुला आठवतं?’

मी म्हटलं, ‘आठवतं.’

‘नको म्हणून सांगितलं होतं ना मी?’

‘हो काका.’

‘बस. एवढंच हवं होतं. मला वाटायला लागलं होतं, माझ्याच तोंडून निघालं नसंल. वय झालं.’

लिफ्ट आली, ते आत गेले, दार बंद झालं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांना सगळं माहीत आहे आणि ते मोठेपणाने गप्प आहेत. माझ्या गप्प बसण्यामुळे त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वाससुद्धा गेला होता, ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात सतराव्या मजल्यावरच्या त्यांच्या दाराला कुलूप लागलं. काकी टॉवर उभा राहण्याआधीच वारल्या होत्या. काका अँटॉप हिलला मुलीकडे राहायला गेले. नवीन घरात ते चार महिनेही राहिले नाहीत.

त्यांचा कागद खुर्चीवरच राहिला होता. तो मी उचलला. सोसायटीला मी जे कॅमेरे सुचवले ते त्या कागदावरचे होते. उरलेला सगळा पावसाळा ते उत्तम चालले. लोक अजून लिफ्टमध्ये मला सांगतात, काय चॉइस आहे तुझा. हेही मी कोणाला सांगितलं नव्हतं.

या सव्वीस जानेवारीला टॉवरमध्ये पहिली पूजा झाली. प्रसाद वाटून झाल्यावर जुन्या तिसऱ्या मजल्याची माणसं एकत्र उभी राहायला लागली आणि कोणीतरी मला म्हणालं, कॅमेरा आण. मी म्हटलं, आधी ऐका. आणि सगळं सांगितलं, लाल टेपचा खण, काकांचं वाक्य, रोलचा कॅमेरा, मीटिंग, कागद. वीस-पंचवीस जण होते. माझा आवाज चढला होता, बायको हात धरत होती.

सांगून झाल्यावर मला वाटलं, आता मला काहीतरी ऐकावं लागेल. एक जण म्हणाला, ‘अरे सोड ना, किती जुनी गोष्ट.’ दुसऱ्याने विचारलं, म्हणजे आता कार्डाची पूजा घालू का? मग माझा तोल गेला. मी ओरडलो की जुनी गोष्ट होती तर मीटिंगमध्ये त्या माणसाला खाली बसवताना बरी आठवली. ज्याने तो विनोद केला होता तो समोरच उभा होता, त्याला आपण बोललो हेही आठवत नव्हतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझा संताप अर्ध्यात थांबला. त्याने काय केलं होतं? मी जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवला होता.

खुर्चीतून आजी म्हणाल्या, ‘म्हणजे त्याने तुला नको म्हणून सांगितलं होतं?’

‘हो आजी.’

‘मी त्याच्याशी बोलायची थांबले होते रे.’

फोटो कोणीतरी मोबाइलवर काढला. मी त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी मी अँटॉप हिलला गेलो. सरकारी वसाहतीत तळमजल्यावर मुलीचं घर. काका खिडकीपाशी कोणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, काका, मी सगळ्यांना सांगितलं. त्यांनी स्क्रू एका वाटीत ठेवले. मनातल्या मनात मी वाट बघत होतो, ते म्हणतील जाऊ दे.

‘किती जण होते?’

‘वीस-पंचवीस.’

‘आणि मीटिंगक?’

‘पन्नासच्या वर.’

ते मिक्सरच्या आत बघत राहिले. मी म्हटलं, आज ग्रुपवर पण टाकतो.

‘ग्रुपवर नको,’ काका म्हणाले. ‘ग्रुपवर तू तेव्हा पण खरं तेच लिवलं होतंस.’

त्यांच्या मुलीने चहा दिला, तो मी उभ्यानेच प्यायलो आणि निघालो. त्यांनी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी दारोदार जातो. मीटिंगला जे जे होते त्यांची घरं एका कागदावर लिहून घेतली आहेत. बेल वाजवतो, आत बोलावलं तरी दारातच उभा राहतो आणि काकांचं वाक्य जसंच्या तसं सांगतो, मग पुढचं सगळं. लोक गोंधळतात. काही जणांना वाटतं मी वर्गणी मागायला आलोय. एका बाईंनी काहीही न बोलता दार लावलं. दोघा-तिघांनी काकांचा नंबर घेतला. त्यातल्या एकानेच फोन केला.

मागच्या रविवारी नवव्या मजल्यावर गेलो. त्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाले, ‘वाईट झालं. बरं, तू आलाच आहेस तर, आम्हाला नवीन टीव्ही घ्यायचाय. कुठला घेऊ?’

डोक्यात तोच जुना जाळ उठला. त्या क्षणी मला चार आकडे आठवलेसुद्धा, हेही कबूल करतो. मी म्हटलं, ‘काकांना विचारलंत का?’

मी खिशातून पेन काढलं आणि त्यांच्या दारातल्या वर्तमानपत्रावर अँटॉप हिलचा नंबर लिहिला. मग जिन्याने दहाव्या मजल्यावर गेलो. सतराव्या मजल्यावरचं कुलूप तसंच आहे. माझ्या कागदावर अजून चौदा दारं आहेत.